चिपची काटकसर : कारखान्याआधी आराखडा

प्रतिनिधी

अर्धसंवाहक उद्योगाच्या घोषणांत आपल्याकडे दोन आकडे हमखास असतात, एक कोटी रुपयांचा आणि दुसरा नॅनोमीटरचा. तयार होणारी चिप किती जागा व्यापेल आणि किती वीज खाईल, हे मात्र बऱ्याच अंशी कारखान्याबाहेर, अभियंत्याच्या टेबलावर ठरते. भारताच्या चिप धोरणाचे यशापयश तेथेच ठरणार आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटचा भारतीय प्रोसेसर पंतप्रधानांना सादर करण्यात आला. अग्निबाणांच्या नियंत्रणासाठी विक्रम साराभाई अवकाश केंद्राने तो विकसित केला असून, मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने त्याची निर्मिती झाली आहे. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूह आणि तैवानची पॉवरचिप कंपनी यांच्या ९१ हजार कोटी रुपयांच्या कारखान्याला केंद्राने मंजुरी दिली. महिन्याला ५० हजार वेफर तयार करण्याची या कारखान्याची नियोजित क्षमता आहे आणि तेथील तंत्र २८ ते ११० नॅनोमीटर या पट्ट्यातले असेल.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तैवान आणि कोरिया तीन नॅनोमीटरच्याही पुढे गेले असताना आपण २८ नॅनोमीटरवर समाधान का मानायचे? आक्षेप चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. चिपची जागा आणि वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते. निर्मितीतंत्राची सूक्ष्मता ही पहिली, तर त्या तंत्राने घडवलेल्या तर्कमंडलाची, म्हणजेच लॉजिक सर्किटची काटकसर ही दुसरी. पहिली गोष्ट पैसे मोजून विकत घेता येते. दुसरी मनुष्यबळाच्या कौशल्यातूनच येते. ज्या देशाचे निर्मितीतंत्र काही वर्षे तरी २८ नॅनोमीटरवर थांबणार आहे, त्याच्या हाती बचतीचा उरणारा मोठा मार्ग दुसराच आहे.

जागा म्हणजे पैसा

चिपचा कारखाना चिपा विकत असला तरी त्याचा हिशेब वेफरमध्ये चालतो. वेफर म्हणजे ३०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती. तिच्यावर शेकडो चिपा एकाच वेळी उमटवल्या जातात आणि नंतर त्या कापून वेगळ्या केल्या जातात. चकतीवरील प्रक्रियेचा खर्च जवळपास ठरलेला असतो. त्यामुळे एका चकतीत किती चिपा बसतात, यावर प्रत्येक चिपची किंमत ठरते.

शंभर चौरस मिलिमीटरची चिप असेल, तर कडेचे वाया जाणारे तुकडे वगळून अशा एका वेफरमधून साधारण ६४० चिपा निघतात. हीच चिप अधिक नेटक्या आराखड्यामुळे ८० चौरस मिलिमीटरवर आली, तर संख्या सुमारे ८१० होते. म्हणजे क्षेत्रफळात २० टक्के घट आणि उत्पादनात २५ टक्क्यांहून अधिक वाढ, तीही नवे यंत्र न घेता. शिवाय चकतीवर धुळीचा कण वा स्फटिकातील दोष कोठेही असू शकतो. चिप जितकी मोठी, तितकी तिच्या वाट्याला दोष येण्याची शक्यता अधिक. लहान चिपांमध्ये नासाडीचे प्रमाणही घटते. आराखड्यातील काटकसर अशी दुहेरी फळते.

लिफ्टचा दरवाजा आणि तीन गेट

ही काटकसर नेमकी कशी होते, हे समजण्यासाठी इमारतीतील लिफ्टचे साधे उदाहरण पुरे आहे. लिफ्ट केव्हा हलावी? दरवाजा बंद आहे आणि मजल्याचे बटण दाबले आहे, किंवा दरवाजा बंद आहे आणि दुरुस्ती कामगाराने किल्ली फिरवली आहे. हे वाक्य जसेच्या तसे सर्किटमध्ये उतरवले, तर दोन ‘आणि’ गेट व एक ‘किंवा’ गेट अशी तीन गेट लागतात. आज प्रचलित असलेल्या सीमॉस पद्धतीत अशा प्रत्येक गेटला सहा ट्रान्झिस्टर, म्हणजे एकूण अठरा.

पण तेच वाक्य असेही सांगता येते : दरवाजा बंद आहे, आणि बटण किंवा किल्ली यांपैकी एक तरी चालू आहे. अर्थ तोच राहिला, गेट दोनच उरली आणि ट्रान्झिस्टर बारा झाले. अनुभवी अभियंता याही पुढे जातो. दोन्ही गेटचे काम एकाच संयुक्त गेटमध्ये गुंफून पुढे एक उलटा करणारा गेट जोडला, की आठ ट्रान्झिस्टरांत काम भागते. अठराचे आठ झाले आणि लिफ्टच्या वागण्यात तसूभरही फरक पडला नाही. कोट्यवधी गेटच्या चिपमध्ये अशी संधी पदोपदी असते.

या शास्त्राची मुळे जुनी आहेत. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ मध्ये तर्काचे बीजगणित मांडले. क्लॉड शॅनन या तरुण विद्यार्थ्याने १९३७ मध्ये एमआयटीतील आपल्या प्रबंधात तेच बीजगणित विद्युत रिलेंच्या मंडलांना लागू होते, हे दाखवले. बेल लॅबमधील मॉरिस कार्नॉ यांनी १९५३ मध्ये समीकरणे लहान करण्याची चौकटींची पद्धत दिली. अभियांत्रिकीचा प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्स विद्यार्थी ती ‘के-मॅप’ या नावाने परीक्षेत सोडवतो. मात्र कागदावरची ही पद्धत पाच-सहा चलांपलीकडे जात नाही. क्वाइन आणि मॅक्क्लस्की यांची यंत्राला जमेल अशी रीत १९५६ पर्यंत आकाराला आली. १९८० च्या दशकात आयबीएम आणि बर्कली विद्यापीठातून ‘एस्प्रेसो’सारखी सॉफ्टवेअर निघाली. तेव्हापासून गेट मोजण्याचे काम हळूहळू संगणकाकडे गेले.

मग माणसाला काय उरले? सॉफ्टवेअर दिलेले वाक्य उत्तम रीतीने आटोपशीर करते. पण मुळात कोणते वाक्य लिहायचे, कोणते गणित करायचे, किती आकडी करायचे आणि केव्हा न करताच भागवायचे, हे ठरवणे अजूनही प्रामुख्याने माणसाच्या हाती आहे. सर्वात मोठी बचत याच टप्प्यावर होते.

विजेचे गणित

चालू असलेल्या सर्किटची वीज चार गोष्टींच्या गुणाकारातून येते : गेट किती वेळा उघडझाप करते, त्याला किती विद्युतभार हलवावा लागतो, घड्याळाचा वेग किती आणि व्होल्टेजचा वर्ग. या वर्गात सारे मर्म आहे. व्होल्टेज निम्मे केले, तर प्रत्येक उघडझापीची ऊर्जा एक-चतुर्थांश होते. पण व्होल्टेज उतरवले की गेट मंदावते.

आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये एक सुखद नियम मांडला होता. ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढत नाही. उद्योगाने या नियमावर तीस वर्षे काढली. आराखडा सैल असला तरी दोन वर्षांनी येणारे नवे तंत्र तो दोष झाकून टाकत असे. पण व्होल्टेज एका मर्यादेखाली नेले, की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागते. शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यावर ही सोय संपली. २००४ च्या मे महिन्यात इंटेलने ‘तेजस’ या सांकेतिक नावाचा आपला आगामी प्रोसेसर रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चा नाद सोडला. कंपनीला तारले ते इस्रायलमधील हैफा येथील गटाने लॅपटॉपसाठी, बॅटरी वाचवण्याच्या गरजेतून केलेल्या आराखड्याने. २००६ मध्ये आलेली ‘कोअर’ मालिका त्याच घराण्यातली.

त्यानंतर वीज वाचवणे ही मुख्य अट झाली. घरातील रिकाम्या खोलीतला पंखा बंद करावा, तसे चिपच्या ज्या भागाला काम नाही त्याचा घड्याळाचा ठोका अडवून धरणे ही आता सर्वमान्य रीत आहे. ठोका चिपच्या कानाकोपऱ्यात पोचवणाऱ्या जाळ्यालाच बरीच वीज लागते, हे त्यामागचे कारण. त्याहून लांब विश्रांती असेल, तर त्या भागाचा वीजपुरवठाच तोडला जातो.

केंब्रिजचा धडा

कमी गेटमध्ये भागवण्याचे मोल सांगणारी एक घटना १९८५ च्या एप्रिल महिन्यातली आहे. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आपला पहिला प्रोसेसर तयार केला होता. मोठ्या कंपन्यांसारखा पैसा आणि माणसे हाताशी नसल्याने त्यांनी आज्ञांचा संचच लहान ठेवला. चिप महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसावी, म्हणून ती एका वॅटपेक्षा कमी विजेत चालणे आवश्यक होते. चाचणीच्या वेळी वीजमापकाचा काटा शून्यावर होता आणि चिप मात्र व्यवस्थित चालत होती. शोध घेतल्यावर कळले, की मुख्य वीजजोडणी झालेलीच नव्हती. इतर तारांवरून येणाऱ्या संकेतांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालली होती.

या ‘एआरएम’ चिपमध्ये सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ३८६ मध्ये दोन लाख ७५ हजार होते. दोन्हींची तुलना तंतोतंत नाही, कारण ३८६ कडे अधिक जबाबदाऱ्या होत्या. पण पुढे मोबाईल फोनचे युग आले, तेव्हा जगाला मोठ्या चिपपेक्षा बॅटरी जपणारी चिप हवी होती. आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये याच घराण्याचा प्रोसेसर असतो. स्वतःचा चिप कारखाना नसलेली ही कंपनी प्रामुख्याने आराखड्यांचे परवाने विकून मोठी झाली.

योगायोगाची बाब अशी, की १९८५ मध्येच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरात आपले केंद्र सुरू केले आणि भारतात चिप आराखड्याच्या कामाचा पाया घातला गेला. दोन्ही प्रवास एकाच वर्षी सुरू झाले. केंब्रिजच्या गटाने आराखड्याची मालकी आपल्याकडे ठेवली. आपल्याकडे कौशल्य आले, मालकी आली नाही.

जागा वाचवावी की वीज?

या दोन बचती नेहमी हातात हात घालून चालतात, असा समज होऊ नये. चेन्नईत जन्मलेले आणि आता एमआयटीत उच्चपदी असलेले अनंत चंद्रकासन यांनी बर्कलीत असताना सॅम्युअल शेंग आणि रॉबर्ट ब्रॉडरसन यांच्यासह १९९२ मध्ये लिहिलेला शोधनिबंध या विषयात पायाभूत मानला जातो. त्यांनी बेरीज व तुलना करणारे एक छोटे मंडल घेतले. ते एकाऐवजी दोनदा बसवले, प्रत्येकाला निम्म्या वेगाने चालवले आणि वेग निम्मा झाल्याने व्होल्टेज पाचवरून २.९ वर आणले. एकूण काम तेवढेच झाले, वीज मूळच्या ३६ टक्क्यांवर आली, पण जागा ३.४ पट लागली. दुसऱ्या पद्धतीत त्यांनी मंडल दुप्पट न करता कामाचे टप्पे पाडले. त्यात जागा केवळ ३० टक्क्यांनी वाढली आणि वीज ३९ टक्क्यांवर उतरली.

अभियंत्यापुढची खरी निवड अशी असते. शेतातल्या आर्द्रतामापकाची बॅटरी वर्षभर टिकायची असेल, तर थोडी अधिक जागा देऊन वीज वाचवणे परवडते. लाखोंनी खपणाऱ्या, भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या स्वस्त उपकरणात जागा महत्त्वाची ठरते. परीक्षेतील के-मॅपला एकच सर्वात लहान उत्तर असते. बाजारातील चिपला तसे नसते.

आठ आकडी पुरे असताना

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेने हा प्रश्न विद्यापीठांतून बाहेर काढून वीज मंडळांच्या दारात आणला आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ च्या अहवालानुसार जगातील डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. ती जगाच्या एकूण वापराच्या सुमारे दीड टक्का होते. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटच्या आसपास जाईल, असा संस्थेचा अंदाज आहे. देशातील डेटा सेंटरचे सर्वात मोठे केंद्र मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या इमारतींना लागणारी वीज याच राज्याच्या जाळ्यातून जाते. भारनियमनाचे दिवस अनुभवलेल्या महाराष्ट्राला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्रासाठी मांडलेले आकडे येथे उद्बोधक आहेत. ३२ बिटच्या दशांश संख्यांचा एक गुणाकार ३.७ पिकोज्यूल ऊर्जा घेतो आणि त्याचे मंडल ७७०० चौरस मायक्रॉन जागा व्यापते. आठ बिटच्या पूर्णांकांचा गुणाकार ०.२ पिकोज्यूलमध्ये आणि २८२ चौरस मायक्रॉनमध्ये होतो. निर्मितीतंत्र तेच ठेवून ऊर्जा अठरा पटींनी आणि जागा सत्तावीस पटींनी वाचली. फक्त ‘इतकी अचूकता खरोखर हवी आहे का?’ हा प्रश्न विचारण्याची तयारी हवी. छायाचित्रातील चेहरा ओळखायला किंवा बोललेले शब्द टिपायला बहुतेक वेळा ती लागत नाही. गुगलने २०१५ मध्ये आपल्या डेटा सेंटरमध्ये वापरात आणलेली ‘टीपीयू’ ही चिप याच तत्त्वावर, आठ बिटच्या गुणाकारांच्या प्रचंड जाळ्यावर बेतलेली होती. तत्कालीन प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपांच्या तुलनेत तिने प्रतिवॅट ३० ते ८० पट अधिक काम केल्याचे कंपनीच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले.

तथापि, गेटमधील काटकसर म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. त्याच ४५ नॅनोमीटरच्या हिशेबात चिपबाहेरील मेमरीतून ३२ बिट आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल लागतात. ३२ बिटच्या पूर्णांकांची बेरीज मात्र ०.१ पिकोज्यूलमध्ये होते. ही तफावत ६४०० पटींची आहे. गणित स्वस्त आणि माहितीची ने-आण महाग, अशी स्थिती असल्याने आजचा चांगला आराखडा गेटइतकाच माहितीच्या प्रवासाचा विचार करतो. दुसरी मर्यादा आर्थिक आहे. प्रत्येक गणना स्वस्त झाली, की गणनांची संख्या वाढते. चिपा दरवर्षी अधिक कार्यक्षम होत असूनही विजेची मागणी दुपटीकडे निघाली आहे, ती त्यामुळेच. पण म्हणून काटकसर निरर्थक ठरत नाही. ती नसती, तर ही मागणी कुठे गेली असती, हा प्रश्न उरतोच.

हात आपले, मालकी कोणाची?

जगातील चिप आराखडा अभियंत्यांपैकी सुमारे २० टक्के भारतात आहेत, असे केंद्र सरकार सातत्याने सांगते. बंगळुरू, हैदराबाद, नोएडा आणि काही प्रमाणात पुण्यातही बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी हे काम रोज चालते. म्हणजे इतरांच्या चिपांची जागा आणि वीज वाचवण्याचे कौशल्य आपल्याकडे आहे. पण बचतीचे पैसे परवानाधारकाच्या देशात जातात.

धोरणातील प्राधान्यक्रम या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ७६ हजार कोटी रुपयांच्या सेमिकॉन इंडिया कार्यक्रमात आराखडा प्रोत्साहन योजनेचा वाटा सुमारे एक हजार कोटींचा, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी होता. पात्र खर्चाच्या निम्मी, पण प्रत्येक अर्जाला कमाल १५ कोटींपर्यंत मदत आणि विक्रीशी निगडित आणखी ३० कोटींपर्यंत प्रोत्साहन, असे तिचे स्वरूप ठरले. कारखाना भांडवल अधिक खातो, हे मान्य. तरीही कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या चिपेची स्पर्धाक्षमता जेथे ठरते, त्या टप्प्याला इतका लहान घास पुरेसा नाही.

काही पावले मात्र योग्य दिशेने पडली आहेत. ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात ८५ हजार अभियंते घडवण्याचे लक्ष्य असून, सी-डॅकच्या बंगळुरू येथील ‘चिपइन’ केंद्रामार्फत महाविद्यालयांना महागडी आराखडा सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिली जातात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ हे प्रोसेसर ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत. २०१० मध्ये बर्कलीत जन्मलेल्या या संचासाठी कोणालाही परवाना शुल्क द्यावे लागत नाही. पण खुला संच म्हणजे केवळ खुली भाषा. त्या भाषेत नेटके लिहायचे, तर लेखक आपलाच लागतो.

आणखी एक धोका २०२५ मध्ये स्पष्ट झाला. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने सिनॉप्सिस, कॅडन्स आणि सीमेन्स या तीन कंपन्यांच्या आराखडा सॉफ्टवेअरच्या चीनमधील विक्रीवर निर्बंध घातले. जुलैच्या सुरुवातीला ते उठवले गेले. पण गेट मोजणारी अवजारेच दुसऱ्याच्या ताब्यात असली की काय होते, हे त्या पाच-सहा आठवड्यांत दिसले. भारतातील अभियंतेही याच तीन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर विसंबून आहेत.

यापुढे एखाद्या भारतीय चिपची घोषणा होईल, तेव्हा कोटी आणि नॅनोमीटर यांबरोबर आणखी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत : ती किती चौरस मिलिमीटरची आहे, ठरावीक कामाला किती ऊर्जा घेते आणि तिच्या आराखड्याचा हक्क कोणाकडे आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे चिप बाजारात टिकेल की नाही हे सांगतील. तिसऱ्याचे उत्तर, टिकल्यास फायदा कोणाचा, हे सांगेल. धोलेरातील वेफर फिरू लागल्यावर त्यावर कोणाच्या चिपा उमटलेल्या असतील, याचा निर्णय त्या कारखान्याच्या आवाराबाहेर, आजच होत आहे.